चार कॅमेऱ्याचा फोन घेण्याआधी मी काय काय तपासतो

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनापण कळेल. तुम्ही परभणी जिल्ह्यात शाळेवर आहात, फोटोचा नाद जुना आहे, निकॉनचा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) १८-५५ आणि ५५-२०० अशा दोन लेन्ससकट कपाटात आहे पण ती पिशवी घेऊन हिंडणं आता होत नाही, म्हणून ८० हजारापर्यंत मागं चार कॅमेरे असलेला फोन बघायलात, दुकानदार म्हणायलाय २०० मेगापिक्सेल आहे डोळे झाकून न्या, आणि तुम्हाला विचारायचंय की फोटोची खरी आवड असणाऱ्यानं असला फोन कसा तपासावा आणि जुना कॅमेरा विकून टाकावा का.

मी संभाजीनगरात वीस-बावीस वर्षं लग्नाचे आणि लेण्यांचे फोटो काढतोय, मागच्या काही वर्षांत निम्मं काम फोनवरच येऊन पडलंय, त्यामुळं दर वर्षी बरेच फोन हातातून जातात, काही माझे, काही शिकायला येणाऱ्या पोरापोरींचे. त्याच्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो. मागचे चार कॅमेरे म्हणजे एका कॅमेऱ्याच्या चार सोयी असं धरू नका, ते चार वेगवेगळे कॅमेरे आहेत, प्रत्येकाचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) वेगळा, लेन्स वेगळी, कुवत वेगळी. दुकानदार बोलतो ते फक्त मेन कॅमेऱ्याबद्दल, आणि तुमच्या बजेटमधल्या जवळपास सगळ्याच फोनचा मेन कॅमेरा आज चांगला आहे, तिथं फसायची भीती कमी. पैसे वाया जातात ते उरलेल्या तीनमधे. म्हणून फोन तपासताना मेनला पाच मिनिटं द्या आणि बाकीच्यांना पाऊण तास.

पण दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. डीएसएलआरचे जुने फोटो काढा, तुम्हाला स्वतःला मनापासून आवडलेले शंभरएक निवडा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ बघा (मिलिमीटरमधला आकडा, लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ), फोटोच्या प्रॉपर्टीजमधे लिहिलेली असते. निकॉनच्या त्या बॉडीला दीडनं गुणायचं, म्हणजे १८ चे २७ होतात, ५५ चे साधारण ८२ आणि २०० चे ३००, कारण फोनवाले सगळे आकडे फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबानं सांगतात. फोनात मेन कॅमेरा बहुतेक २३-२४ मिलिमीटरचा असतो, अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद दाखवणारा) १३ ते १६ च्या आसपास, तीन एक्स म्हणजे तीन पट झूम सत्तरच्या पुढंमागं आणि पाच एक्स म्हणजे १२० च्या जवळ. आता तुमचे शंभरातले साठ फोटो गुणून ७० ते ९० मधे निघाले, म्हणजे तुम्ही माणसांचे चेहरे काढणारे आहात, तर तुमचा खरा कॅमेरा तीन एक्सवाला आहे आणि फोन त्याच्यावरून निवडायचा. आणि जर बहुतेक १८ लाच काढलेले निघाले तर पाच एक्सच्या पेरिस्कोपसाठी (फोनात आडव्या बसवलेल्या लांबच्या लेन्ससाठी) जास्तीचे पैसे का मोजायचे. माझ्याकडं शिकायला आलेल्या बऱ्याच जणांना हे केल्यावर कळलं की आपल्याला जे पाहिजे वाटत होतं ते आपण कधी वापरतच नव्हतो.

कॅमेऱ्याच्या संख्येचं पण जरा बोलतो. स्वस्तातल्या फोनात मागं चार गोल दिसतात, त्यातले दोन २-२ मेगापिक्सेलचे असतात, एक मॅक्रो (अगदी जवळचं काढायला) एक डेप्थ (अंतर मोजायला), ते मोजायचेच नाहीत. काही दुकानदार पुढचा सेल्फीचा धरून चार सांगतात, ते पण विचारून घ्या. आणि संख्या जास्त म्हणजे झूम जास्त असंही नसतं. २०१९ ला नोकिया ९ प्युअरव्ह्यू आला होता, झाइसच्या लेन्सचे मागं पाच कॅमेरे, पाचही १२ मेगापिक्सेलचे आणि पाचही एकाच २८ मिलिमीटरचे, दोन रंगीत आणि तीन ब्लॅक अँड व्हाइट, पाचांनी एकदम फोटो काढायचा आणि फोननं तो एकत्र जोडून जास्त तपशील काढायचा अशी ती कल्पना. कल्पना म्हणून मला तो फोन आजही आवडतो, पण पाच कॅमेरे असून अल्ट्रावाइड नाही आणि टेली (लांबचं जवळ आणणारा) पण नाही. तेव्हा किती आहेत हे सोडा, कोणता काय काम करतो ते विचारा.

२०० मेगापिक्सेलचं म्हणाल तर तो आकडा खोटा नाही पण त्याचा अर्थ वेगळा आहे. सॅमसंगच्या त्या २०० मेगापिक्सेल सेन्सरमधे एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा असतो, फार बारीक, म्हणून फोन सोळा पिक्सेल एकत्र करून एक मोठा पिक्सेल धरतो आणि हातात येतो १२ मेगापिक्सेलचा फोटो. रोजच्या वापरात तुम्हाला तोच मिळणार. महत्त्वाचं काय तर सेन्सर केवढा आहे, कारण उजेड तिथं गोळा होतो. तिथंपण नावानं फसायला होतं, "एक इंच सेन्सर" म्हणतात पण तो कुठूनच एक इंच नसतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून आलेलं आहे. तुमच्या निकॉनचा सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा, म्हणजे क्षेत्रफळात त्याच्या तिप्पट. फोनवर एफ/१.८ (लेन्सचं तोंड किती मोठं त्याचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं तोंड) लिहिलेलं बघून डीएसएलआरच्या ५० एफ/१.८ सारखी मागची बाजू पुसट येईल असं मनात धरू नका, एक इंचवाल्या फोनात तो परिणाम फुल फ्रेमच्या साधारण एफ/५ एवढाच दिसतो. आणि मोठ्या सेन्सरचा एक तोटा, जवळून फोकस होत नाही आणि झाला तर कडा पुसट येतात, तुम्ही शाळेत हजेरीपटाचे, उत्तरपत्रिकांचे फोटो काढणार, मधलं वाचता येतं आणि कोपऱ्यातलं नाही असं होतं, तेव्हा दुकानात एक छापील कागद घेऊनच जा.

आता टेली, सगळ्यात जास्त फरक इथंच असतो. एकाच फोनात दोन टेली असल्या तरी सारख्या नसतात. सॅमसंग एस२४ अल्ट्राचं घ्या, पाच एक्सला ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि तीन एक्सला १० मेगापिक्सेलचा, त्याचा सेन्सर पण छोटा. म्हणजे चेहरे काढायला जी फोकल लेंथ लागते तिथंच त्या फोनचा बारका कॅमेरा आहे. उलट शाओमीच्या १४ अल्ट्रामधे चारही कॅमेरे ५० मेगापिक्सेलचे, आणि ७५ मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ ची, म्हणजे घरातल्या उजेडात पण चालणारी. विवोच्या एक्स२०० प्रोमधे तर २०० मेगापिक्सेलचा सेन्सर टेलीलाच दिलाय, ८५ मिलिमीटरला. हे तीन सांगितले म्हणजे घ्याच असं नाही, बजेट बघून तुम्ही ठरवा, फक्त जाहिरातीत सारख्याच वाटणाऱ्या फोनांमधे आतून केवढा फरक असतो ते कळावं म्हणून सांगितलं.

दुकानात टेली तपासायची माझी पद्धत एकदम साधी आहे आणि ती कोणत्याच जाहिरातीत सांगत नाहीत. कॅमेरा चालू करा, तीन किंवा पाच एक्स दाबा आणि मागच्या टेली लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली, क्षणभर का होईना, तर फोन खरंच टेली वापरायलाय. काळी नाही झाली तर फोन मेन कॅमेऱ्याचाच फोटो मधून कापून तुम्हाला मोठा करून दाखवायलाय. हे आधी दुकानाच्या दारात उजेडात करा, मग आत अंधाऱ्या कोपऱ्यात करा, मग दोन फुटावरच्या वस्तूवर करा. बऱ्याच फोनात उजेड कमी झाला किंवा वस्तू जवळ आली की टेली गुपचूप बंद होते आणि मेन कॅमेरा सुरू होतो, स्क्रीनवर मात्र तीन एक्सच लिहिलेलं राहतं. मी एकदा नाथषष्ठीला पैठणला संध्याकाळी वारकऱ्यांचे चेहरे काढले, अडीचशे-तीनशे फोटो, सगळे तीन एक्सला, घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर सूर्य मावळल्यानंतरचे सगळे मेन कॅमेऱ्यातून कापलेले, दाढीचे केस म्हणजे नुसता लगदा. तो टाळ वाजवणाऱ्या आजोबांचा फोटो परत मिळणार नव्हता, त्या दिवसापासून बोट ठेवल्याशिवाय मी कोणताच फोन घेत नाही. प्रो मोडमधे (सगळं हातानं ठरवायच्या सोयीत) टेली पक्की धरून ठेवता येते का तेपण बघा, काही फोनात येते.

दोन एक्स बद्दल विचाराल तर तिथं वेगळी लेन्स नसली तरी चालतं. ५० मेगापिक्सेल सेन्सरच्या मधल्या भागातून १२ मेगापिक्सेल काढतात, दिवसा उजेडी चांगला फोटो येतो.

अल्ट्रावाइडला लोक दुय्यम समजतात, पण आपल्या भागात फिरणाऱ्याला त्याची गरज लई पडते. अजिंठ्याला २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची बुद्धाची मूर्ती आहे, सात मीटरच्या आसपास लांब, डाव्या भिंतीला, आणि समोर खांबांची रांग, मागं सरकायला गेलं की खांब आडवा येतो. तिथं अल्ट्रावाइडशिवाय पूर्ण मूर्ती एका फोटोत बसवणं अवघड, आणि आत उजेड कमी, फ्लॅश मारायला बंदी, म्हणजे फोनचा सगळ्यात कमजोर कॅमेरा सगळ्यात अवघड जागी वापरावा लागतो. मी फोन तपासायला तिथंच नेतो. तुम्हाला लगेच अजिंठा गाठणं होणार नाही, तर दुकानात भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवायला सांगा, अल्ट्रावाइडनं असा फोटो काढा की पान कोपऱ्यात येईल, आणि मोठं करून बघा अक्षरं वाचता येतात का. एकदा दिवे चालू ठेवून आणि एकदा निम्मे बंद करून. आणि अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आहे का विचारा, असेल तर तोच मॅक्रोपण होतो, कापसाच्या बोंडावरचा किडा पण निघतो, वेगळ्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रोची गरजच राहत नाही.

मग रंग. एकच वस्तू चारही कॅमेऱ्यांनी काढा, उजेड तोच ठेवून, आणि चारही फोटो शेजारी ठेवून बघा. पांढरं धोतर एकात निळसर आणि दुसऱ्यात पिवळट येत असेल तर त्या फोनवर एखाद्या कार्यक्रमाचे फोटो जुळवता जुळवता तुमची रात्र जाईल. पैठणी घेऊन जाता आली तर उत्तमच, जांभळा आणि हिरवा रंग आणि शेजारी जर, एवढ्यात कोणताही कॅमेरा उघडा पडतो, जांभळा निळा होतो नाहीतर जरीचा पिवळा सपाट डाग होतो.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव जळतो ती सांगतो. फोन फोटो काढल्यावर तो स्वतः रंगवायला बसतो. एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो, सावल्या उचलतो, धार काढतो, कातडी गुळगुळीत करतो. जोडणं चांगलंच आहे, त्याच्यामुळंच एवढ्याशा सेन्सरमधून एवढं निघतं. पण पुढचं जे करतो त्यानं फोटोतलं खरं जातं. माझी आई अंबाजोगाईकडची, सगळं आयुष्य रानात गेलं, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. एका नव्या फोननं मी तिचा फोटो काढला, ब्युटी शून्यावर होती, तरी गोंदण फिकं झालं आणि डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या गायब, रंगपण दोन पट्ट्या उजळ. फोनला ते गोंदण डाग वाटलं. सर, आपल्या भागातली गोंदणवाली पिढी आता थोडी राहिलीय, त्यांचे फोटो पुढच्या लोकांना बघायचे आहेत, आणि ज्या यंत्राला चेहऱ्यावरचं लिहिलेलं पुसायची सवय आहे ते माझ्यासाठी कॅमेरा म्हणून नापास, मग त्याचं स्पेसिफिकेशन काही का असेना. तेव्हा तपासताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा फोटो काढा, खिडकीजवळ बसवून, ब्युटी आणि एआय सीन हे सगळं बंद करून, आणि मग फोटो शंभर टक्के मोठा करून समोरच्या खऱ्या चेहऱ्याशी ताडून बघा.

तसंच दगडाचं. वेरूळला कैलास लेणं पश्चिमेकडं तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन समोरून येतं, आणि कातळ काळा बेसाल्ट. त्याच्या खोल सावल्या काळ्याच दिसायला पाहिजेत, त्याशिवाय ते वरून खाली किती खोल कोरलंय ते कळत नाही. बहुतेक फोन त्या सावल्या एवढ्या उचलतात की सगळा दगड राखाडी होतो आणि कोरीवकाम कागदावर छापल्यासारखं सपाट दिसतं. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे ०.७ किंवा उणे १ केलं की बरंचसं सुधरतं, म्हणून एक्स्पोजरची पट्टी एका बोटानं लगेच हाताशी येते का बघा, तीन मेनू उघडावे लागत असतील तर तुम्ही ते प्रत्यक्षात करणार नाहीत. आणि कळसाची कड आभाळाशी जिथं मिळते तिथं पांढरी रेघ दिसते का बघा, ती जास्तीच्या धारेची खूण. दुकानासमोर लिंबाचं झाड असेल तर तेच काढा, पानं सुटी दिसतात का हिरवा गोळा होतो, दोन मिनिटात समजतं.

वेगाचं तपासणं सोपंय. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करा, बरोबर पाच सेकंदाला शटर दाबा आणि फोटोत कोणता आकडा आलाय बघा. मेनवर करा, टेलीवर करा, कमी उजेडात परत करा. पोळ्याला बैल पळवतात तेव्हा ०.३ सेकंदाचा उशीर म्हणजे फ्रेममधे नुसतं शेपूट राहतं. शिवाय संध्याकाळी फोन शटर किती वेळ उघडं ठेवतोय ते फोटोच्या माहितीत बघा, १/२५ सेकंद असेल तर हलणारं पोरगं पुसटच येणार, फोन कितीही भारी असला तरी. फोनात ॲपर्चर (लेन्सचं तोंड) बहुतेक फिक्स असतं, म्हणजे तुमच्या हातात शटर आणि आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ते) दोनच राहतात, ते दोन्ही प्रो मोडमधे सगळ्या लेन्सला मिळतात का ते विचारा. अपवाद आहेत, शाओमी १४ अल्ट्राच्या मेन कॅमेऱ्यात एफ/१.६३ पासून एफ/४ पर्यंत पाकळ्या खरंच हलतात. मंगल कार्यालयात एलईडीमुळं फोटोत काळे पट्टे यायला लागले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं.

तुम्ही डीएसएलआरवरून येताय म्हणून रॉ (नंतर हवं तसं सुधारता येणारी मूळ फाइल) लागणारच. रॉ मेनलाच मिळतं का चारही लेन्सला, हे प्रत्येक फोनात वेगळं असतं. फाइली मोठ्या होतात, आयफोनचा ४८ मेगापिक्सेल प्रोरॉ साधारण ७५ एमबीचा, म्हणजे शंभर फोटोत साडेसात जीबी, तेव्हा १२८ जीबीचा फोन घेऊच नका. आणि ऊन. मे महिन्यात परभणीला पारा ४२ च्या पुढं जातो, उन्हात फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते आणि मग व्हिडिओ बंद पडतो. शक्य असेल तर कुणाचा तरी तोच फोन मागून घ्या आणि दुपारी अंगणात वीस मिनिटं सलग वापरा, एसीतल्या शोरूममधे हे कधीच कळणार नाही.

सर्व्हिसचं लोक शेवटी विचारतात, तुम्ही आधी विचारा. माझ्या एका फोनची टेलीवरची काच तडकली, कंपनीचं नाव घेत नाही, पार्ट यायला दीड महिना लागला आणि तेवढे दिवस फोन तिकडंच. तुम्हाला परभणीतच दुरुस्ती मिळते का नांदेड-संभाजीनगर करावं लागतं, आणि कॅमेऱ्याच्या काचेचा खर्च किती, हे बिल करायच्या आधी विचारून घ्या. लेन्स पुसायला शर्टाचं टोक वापरू नका, आपल्याकडच्या धुळीत बारीक खडे असतात, आधी फुंकणीनं धूळ उडवायची आणि मग चष्म्याचं फडकं.

राहिला डीएसएलआर, तो विकू नका. एकतर त्याचे पैसे आता काही येणार नाहीत. दुसरं म्हणजे जायकवाडीला नाथसागरावर हिवाळ्यात पक्षी बघायला तुम्ही कधी ना कधी जाणारच, पाण्यात लांब उभे असलेले रोहित पक्षी १२० मिलिमीटरमधे ठिपक्याएवढे दिसतात, आणि फोनवर शंभर एक्स लिहिलेलं असलं तरी ते पिसं स्वतःच्या मनानं काढतं. तुमची ५५-२०० तिथं ३०० चं काम देते आणि खरं देते. बॅटरी काढून ठेवा, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून लेन्स कापडी पिशवीतून बाहेर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि फोन घ्यायच्या आधी तो कुणाकडनं दिवसभर मिळत असेल तर घेऊन वेरूळला या, मंगळवार सोडून, तेव्हा लेणी बंद असतात. दुपारी तीननंतर या, १६ नंबरचं कैलास आणि मग १० नंबरचं सुतार लेणं, तेवढ्या दोन ठिकाणी चारही कॅमेरे कळतात.